गडाच्या पायऱ्यांवरून माघारी आलेल्या ताईंना

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी म्हसरूळला राहते. वय 44. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. धाकट्याच्या वेळी फार वेळ लागला, बाळ पावणेचार किलोचं होतं, टाकेही बरेच पडले. द्राक्षांच्या सीझनला दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसला कामाला जाते. दिवसभर उभं राहायचं, अधूनमधून क्रेट उचलायचे. बाकीचे महिने घरी शिवणकाम करते.

खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की लघवीचे थेंब जातात. आधी कधीतरी व्हायचं, पण गेल्या दिवाळीपासून फार वाढलंय. त्याच सुमारास बीपीची गोळी सुरू झाली आणि कोरडा खोकलाही मागे लागलाय. संध्याकाळी खाली जड जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं. आडवं झालं की बरं वाटतं. कामावर संडास लांब आहे, स्वच्छही नसतो, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. शौचाला खडा होतो, फार कुंथावं लागतं.

चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर गेलो होतो. पायऱ्या चढताना खोकल्याची उबळ आली आणि साडीपर्यंत ओलं झालं. अशा अंगाने देवीपुढे कसं जायचं म्हणून अर्ध्यातूनच खाली आले. घरच्यांना सांगितलं, चक्कर आली.

सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला हे असायचंच. शेजारच्या वहिनींनी पिशवी काढून टाकली, त्या म्हणतात तूही काढ, कटकट जाईल. एका दवाखान्यात न तपासताच 'पिशवी काढून घ्या' म्हणाले. मिस्टरांना यातलं काही माहीत नाही. मी काय करू?

एक वाचक, नाशिक


उत्तर

ताई,

तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. दिवाळीत बीपीची गोळी सुरू झाली, त्याच सुमारास कोरडा खोकला लागला आणि गळणंही तेव्हाच वाढलं. बाकीच्या उपायांना महिने लागणार आहेत, पण या गोळीचं काम याच आठवड्यात होण्यासारखं आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

बीपीच्या गोळ्यांचा एक गट आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही त्यातली नावं, सगळ्यांच्या शेवटी 'प्रिल'. गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपतात. पण काही जणांना त्यांनी घसा खवखवणारा कोरडा खोकला लागतो, आणि बायकांना तो पुरुषांपेक्षा जास्त लागतो. कफ पडत नाही, खोकल्याच्या औषधाने फरक पडत नाही, आणि माणूस महिनोन्‌महिने हवेला आणि धुळीला दोष देत राहतो. तुमच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव बघा. शेवट 'प्रिल' असेल, तर ते पाकीट घेऊन गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि खोकल्याचं सांगा. असा खोकला सहसा न आणणाऱ्या बीपीच्या दुसऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर त्यातली देऊ शकतात. बदलल्यावर खोकला थांबायला बहुतेकांना एक ते चार आठवडे लागतात, काहींना जास्त. गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे का, तेही तिथेच विचारा.

पण ताई, हात जोडून सांगते, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोळी बदलणं माझ्या अखत्यारीतलं नाही, आणि बीपी मोकळं सोडणं तुम्हाला परवडणारं नाही. गोळी त्या गटातली नसेल, तर इतके महिने टिकलेला खोकला छाती तपासल्याशिवाय सोडायचा नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची, हा टीबी कार्यक्रमाचा नियम सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तुम्ही वाचलाच असेल.

आता खोकल्याने लघवी का जाते ते सांगते, कारण कारण कळलं की निम्मी लाज जाते असा माझा अनुभव आहे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती बांधलेली असते, लहान बाळाची झोळी दोन टोकांना बांधतात तशीच. या झोळीवर लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि शौचाच्या आतड्याचा शेवटचा भाग असे तीन अवयव टेकलेले असतात. त्या तिघांच्या वाटा याच झोळीतून बाहेर येतात. डॉक्टर मंडळी हिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. आपण खोकलो की पोटातला दाब एकदम खाली येतो. झोळी दणकट असेल तर ती त्याच क्षणी वर उचलली जाते आणि लघवीची वाट चिमटीत धरल्यासारखी बंद होते. आपल्याला कळतही नाही. झोळी सैल पडली असेल किंवा तिला उठायला उशीर झाला, की थेंब निसटतात.

तुमची झोळी का सैल पडली असेल, ते तुमच्याच पत्रात आहे. पावणेचार किलोचं बाळ बाहेर येताना हे स्नायू त्यांच्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. कळा देण्याचा वेळ लांबला तर हा ताण आणखी वाढतो. त्यानंतर किती बायकांना कुणी सांगतं, की हाताला प्लॅस्टर काढल्यावर व्यायाम देतात तसा या स्नायूलाही द्यायचा असतो? सव्वा महिना शेक-शेगडी होते, डिंकाचे लाडू होतात, बाळाच्या टाळूला तेल भरलं जातं. आईच्या या स्नायूची चौकशी कुणीच करत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. या स्नायूंची नावं परीक्षेसाठी पाठ केलेली मी, थोरलीच्या बाळंतपणानंतर गच्चीवर धुणं वाळत घालताना शिंकले आणि जागच्या जागी उभी राहिले. ज्या रुग्णालयात बाळंत झाले तिथे घरी सोडताना हातात लसीकरणाचं कार्ड दिलं होतं, बाकी या बाबतीत एक शब्द नाही. म्हणून तुमचं पत्र मला परकं वाटलं नाही.

बाळंतपणानंतरची ती ढिलाई तुम्ही इतकी वर्षं निभावून नेली. त्यावर रोजचं कुंथणं, क्रेटचं वजन आणि आता हा खोकला येऊन पडला. शिवाय पाळी जायच्या आसपासच्या वयात शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होऊ लागतं, त्यामुळे त्या जागेची त्वचा आणि अस्तर पातळ, कोरडं पडतं. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि म्हणूनच एकेक धागा सोडवत गेलं तरी फरक दिसतो.

आता पिशवीचं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो आणि त्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. आपण दोघींनाही 'पिशवी'च म्हणतो, लघवीची पिशवी आणि गर्भाची पिशवी. शेजारच्या वहिनी म्हणतात 'पिशवी काढली', ती गर्भाची. तुम्हाला गळतंय ते लघवीच्या पिशवीतून. गर्भाची पिशवी काढल्याने लघवीच्या वाटेची चिमटी घट्ट होत नाही. खोकल्यावर लघवी जाणं या तक्रारीवर गर्भाशय काढणं हा उपचारच नाही. वहिनींची पिशवी कदाचित दुसऱ्या कारणासाठी काढली असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव थांबत नसेल, तर तो निर्णय बरोबरही असू शकतो. तो त्यांचा आजार, तुमचा वेगळा.

न तपासता 'काढून घ्या' म्हणणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नका. हे मी रागाने लिहितेय आणि तो राग जुना आहे. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तरुण वयात काढल्या गेल्याचं उघडकीला आलं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांनाही 'कटकट जाईल' असंच सांगितलं गेलं होतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. आणि खालचा आधारच कमकुवत असेल, तर गर्भाशय काढल्यावरही योनीमार्गाचा वरचा भाग पुढे खाली उतरू शकतो. उद्या कुणी ऑपरेशन सुचवलंच तर तीन गोष्टी विचारा. नेमका आजार कोणता, ऑपरेशनशिवाय काय करता येईल, आणि केलं नाही तर काय होईल. उत्तर कागदावर घ्या आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

संध्याकाळी खाली जड वाटतं आणि आडवं झालं की बरं वाटतं, त्याचा अर्थ झोळीवरचा एखादा अवयव थोडा खाली सरकला असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे त्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. शब्द भीतीदायक आहे, म्हणून लगेच सांगते की याच्या पायऱ्या असतात, आणि पहिल्या पायऱ्यांवर व्यायामाने जडपणा बराच हलका होतो. त्याहून जास्त असेल तर सिलिकॉनची एक रिंग मिळते, पेसरी म्हणतात. डॉक्टर मापाने आत बसवतात, ती खालून आधार देते. ठरावीक काळाने काढून, धुऊन, तपासून परत बसवायची. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या एक आजी अशी रिंग घालून रोज शेतात जातात. यानेही भागलं नाही तर ऑपरेशनं आहेत, त्यात गर्भाशय जागेवर ठेवून आधार शिवून घेण्याचीही आहेत. तुमचं नक्की किती उतरलंय हे मात्र हाताने तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही.

व्यायामाकडे वळते. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा व्यायाम सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि पुष्कळ जणी तो उलटा करत असतात. 1948 साली अरनॉल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांना तो शिकवून त्याबद्दल लिहिलं, म्हणून तो केगल नावाने ओळखला जातो. केगल यांनी दाब मोजणारं एक साधनही बनवलं होतं. योनीत ठेवलं की स्नायू किती आवळला ते बाईला डोळ्यांनी दिसायचं. स्नायू दिसत नाही म्हणून शिकणं अवघड जातं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

तुम्ही असं करा. लघवी करून या. पाठीवर झोपा, गुडघे दुमडून पाय जमिनीवर टेकवा. श्वास शांत चालू द्या. आता चारचौघांत बसलोय आणि वारा सरायला आलाय, तो अडवायचाय, अशी कल्पना करा. शौचाची जागा आवळा. मग तो ताण तसाच पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा, आणि आत, वरच्या दिशेला ओढा. पोटावर एक हात ठेवा, पोट टणक व्हायला नको. कुल्ले आवळले जायला नकोत, मांड्या एकमेकींवर दाबायला नकोत आणि श्वास कोंडायला नको. नीट झालं की ती जागा आत खेचली गेल्यासारखी वाटते. आरसा धरून बघितलंत तरी चालेल, आपलंच अंग आहे. ती बाहेर फुगल्यासारखी दिसली तर तुम्ही आवळण्याऐवजी खाली जोर देताय. हीच ती उलटी चूक, आणि ती महिनाभर केली तर त्रास वाढतो. म्हणून सुरुवातीला एकदा तरी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या.

जमलं की आवळून तीन मोजेपर्यंत धरा आणि पूर्ण सोडा. सोडणंही मोजून करा, आवळलं तितकाच वेळ किंवा जास्त. असं आठ वेळा. शेवटी चार-पाच झटपट आवळणं-सोडणं, कारण खोकल्याला तोच झटपट वेग लागतो. हे दिवसातून तीनदा. हळूहळू तीनचे आठ, दहा सेकंद करा. पहिले काही आठवडे झोपून, मग बसून, मग उभ्याने, कारण गळतं उभ्यानेच. वेगळा वेळ काढायची गरज नाही. सकाळी अंथरुणातच एकदा, दुपारी मशीनवर बसलात की एकदा, रात्री झोपताना एकदा. सिटीलिंकच्या बसमध्ये बसल्या बसल्या केलंत तरी शेजारच्या बाईला कळणार नाही.

लघवी करताना मध्येच धार तोडून व्यायाम करू नका. पुष्कळ ठिकाणी तसं सांगतात. ओळख पटावी म्हणून एखाद्या वेळी करून बघितलं तर ठीक, पण त्याची सवय लावली तर लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. योगवर्गात मूळबंध शिकला असाल तर जागा ओळखीची वाटेल. पण तिथे श्वास रोखायला सांगतात, तुम्ही बीपीच्या पेशंट आहात, तुम्ही रोखू नका.

याला निदान तीन महिने द्यायचे. पंधरा दिवसांत काही कळलं नाही म्हणून सोडून देणाऱ्या फार बघितल्या. तुम्ही द्राक्षात काम करता, तुम्हाला हे मी काय सांगावं. एप्रिलला खरड छाटणी केली म्हणून मे महिन्यात कुणी घड शोधायला वेलाखाली जात नाही. आधी काडी तयार व्हावी लागते.

एक युक्ती मात्र पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. खोकला येतोय असं वाटलं की खोकण्याच्या आधी आवळा, आवळलेलं धरून खोका, मग सोडा. शिंकेच्या आधी तेच. क्रेट उचलताना तेच, आणि उचलतानाच तोंडाने श्वास बाहेर सोडा. क्रेट अंगाजवळ घ्या, कमरेत वाकण्यापेक्षा गुडघ्यात वाका. भरलेला क्रेट दोघींनी मिळून उचलता आला तर सगळ्यात चांगलं. सुरुवातीला विसराल, आठवड्याभरात हात-पाय आपोआप करायला लागतील.

काही जणींची झोळी सैल नसून उलट सतत आखडलेली असते, हेही इथे लिहून ठेवते, कारण हे सदर फक्त तुम्हीच वाचत नाही. लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो, संबंधांच्या वेळी दुखतं, बसलं की माकडहाडाजवळ ठणकतं, अशी लक्षणं असतील तर आवळण्याचा व्यायाम करू नये. त्यांना आधी सोडायला शिकावं लागतं. आणि पुरुषांनाही ही झोळी असते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळणाऱ्या पुरुषांना हाच व्यायाम दिला जातो.

पाण्याचं तुमचं गणित मला सगळ्यात जास्त खटकलं, पण दोष तुमचा नाही. पाणी बंद केल्याने गळणं थांबत नाही. लघवी घट्ट, पिवळी होते, पिशवीच्या अस्तराला चुरचुरते आणि घाई वाढते. लघवीचा संसर्ग आणि मुतखड्याला आमंत्रण मिळतं. शौचाला खडा होण्याचं एक कारणही तेच. दिवसाला सहा ते आठ ग्लास पाणी घ्या, एकदम तांब्याभर नको, थोडं थोडं. उन्हाळ्यात घाम जातो तेव्हा आणखी. चहा मात्र दोन कपांवर आणा, त्यातलं कॅफीन लघवीची घाई वाढवतं. दर दोन-तीन-चार तासांनी लघवीला जाणं योग्य. 'घराबाहेर पडतोय, जाऊन येऊ' म्हणून दर अर्ध्या तासाला गेलात, तर पिशवीला थोड्यावरच रिकामं व्हायची सवय लागते.

राहिला कामावरचा संडास. तुम्ही एकट्या बोलू नका, चार-पाच जणी मिळून मुकादमाशी किंवा सुपरवायझरशी बोला. मेहरबानी मागताय असं वाटून घेऊ नका. कारखाना म्हणून नोंद असलेल्या जागेत बायकांसाठी वेगळं, स्वच्छ शौचालय ठेवणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. आणि आपल्या दिंडोरी-निफाडची द्राक्षं युरोपात जातात ती ग्लोबल गॅपच्या प्रमाणपत्रावर. त्या प्रमाणपत्रासाठी कामगारांना स्वच्छ शौचालय आणि हात धुण्याची सोय दाखवावीच लागते. ऑडिटच्या दिवशी जे कुलूप उघडतं ते रोज उघडं राहायला काय हरकत आहे, एवढंच विचारा.

कुंथणं थांबवा, कारण रोज सकाळी कुंथून तुम्ही दिवसभराचा व्यायाम पुसून टाकाल. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, पेरू, पपई, आणि रात्री गरज पडली तर कोमट पाण्यातून इसबगोल. घरात कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या आणि थोडं पुढे झुका. आपले जुने लोक उकिडवे बसायचे त्यात शहाणपण होतं, आतड्याची शेवटची वळी सरळ होते आणि जोर लावावा लागत नाही. वजन वाढलेलं असेल तर थोडं जरी उतरलं तरी गळणं कमी होतं, पण उपाशी राहू नका.

दाखवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. तुम्ही म्हसरूळला राहता. तुमच्या दिंडोरी रोडवरच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यातल्या पुष्कळ फिजिओथेरपिस्टना पदव्या त्याच विद्यापीठाच्या मिळतात, आणि त्याच रस्त्यावरच्या बाईला हा स्नायू आहे हेसुद्धा कुणी सांगितलेलं नाही, याचं मला आतून वाईट वाटतं. डॉक्टर लघवी तपासतील, साखर बघतील, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत बघतील, आणि खाली तपासताना खोकायला सांगतील. तेव्हा गळलं तर लाजू नका, त्यांना तेच बघायचं असतं. जाण्याआधी तीन दिवस एका वहीत लिहा: किती वाजता काय प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, कधी गळलं, तेव्हा काय करत होतात. कोरडेपणा असेल तर डॉक्टर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतील, तेही पुष्कळदा फरक पाडतं. तीन महिने मनापासून व्यायाम करूनही गळत राहिलं, तर लघवीच्या वाटेला आधार देणारी ऑपरेशनं आहेत, ती वेगळी आणि गर्भाशय काढणं वेगळं.

आणि थांबायचं नाही अशी काही लक्षणं: लघवीतून रक्त, थंडी-तापाबरोबर लघवीला जळजळ, पाळी गेल्यावर किंवा संबंधांनंतर रक्त दिसणं, न खोकताही दिवसरात्र सतत पाझरणं. यात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. लघवी तुंबली, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा येऊन पायातली ताकद गेली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी इमर्जन्सीला जा.

मिस्टरांना सांगा, ताई. सगळं एकदम नको. 'मला त्या दिवशी चक्कर आली नव्हती' एवढ्या वाक्याने सुरुवात करा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच नवऱ्यांना वाटत असतं की बायको आपल्याला टाळतेय, मनातून उतरलोय. खरं कळलं की त्यांचा चेहरा सैलावतो. आणि सासूबाईंच्या बोलण्याचं वाईट वाटून घेण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारा: आई, तुम्हालाही होतं का? 'असायचंच' म्हणणारी बाई बहुतेक वेळा स्वतः तीस वर्षं घडी लावून वावरलेली असते. या वयातही स्नायू शिकतो. दोघी मिळून करा व्यायाम, एकीने विसरलं तर दुसरी आठवण करेल.

आता गड. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, खोकला आहे, झोळी दुखावलेली आहे. त्या दिवशी तुमच्या शरीराने जमेल तितकं केलं. अंग ओलं झालं म्हणून तुम्ही माघारी आलात, आणि ते मला राहून राहून आठवतंय. ज्या वाटेने लेकरं जन्माला घातली त्या वाटेच्या दुखण्याचा विटाळ आईला कसा होईल? पुढच्या वेळी जाताना पिशवीत एक जादा पातळ, दोन पॅड आणि पाण्याची बाटली ठेवा. 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती घेतल्याने दर्शन कमी पडत नाही. पण मला वाटतं नवरात्रापर्यंत तुम्ही निम्म्या पायऱ्या तरी चालून जाल. मध्ये थांबा, खोकला आला तर कठडा धरा, आवळा, खोका, सोडा, आणि पुढची पायरी.

उद्या दवाखान्यात तोंडातून शब्द फुटला नाही, तर ही चिठ्ठी लिहून न्या आणि टेबलावर ठेवा: 'मला खोकल्यावर लघवी जाते, संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. बीपीची ही गोळी दिवाळीपासून चालू आहे आणि तेव्हापासून कोरडा खोकला आहे. मला आधी तपासा. पिशवी काढायची नाही, व्यायाम शिकायचा आहे.'

तीन महिन्यांनी परत लिहा. वाट बघते.

तुमची ताई